यादी कोणाच्या कुलपात?

"फुकटाचं हाय म्हणता, मंग त्यात काही तरी गोम असनच जी."

कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचं नाव काढलं की ब्रह्मपुरी, नागभीड, वडसा या पट्ट्यात पहिलं वाक्य हे येतं. दुसरं वाक्य कार्यकारिणीतल्या ज्येष्ठ सदस्याचं असतं: "बिघडलं तर फोन कोनाले करायचा?" तिसरं ग्रंथपालाचं, आणि ते तो सगळे उठून गेल्यावर बोलतो: "हजारो पुस्तकं त्यात भरून कोन देईल जी? मी एकटाच हावो."

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचंही देता येतं. तिसऱ्याचं उत्तर द्यायला मात्र कोणी पुढे येत नाही. या आठवड्याचं सदर त्या तिसऱ्यासाठी आहे. पण आधी पहिल्या दोघांचं निस्तरू.

कोहा जन्मलं न्यूझीलंडमधल्या लेव्हिन नावाच्या गावात. हे गाव लोकसंख्येने ब्रह्मपुरीपेक्षा लहान. तिथल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाकडे जुनी संगणक व्यवस्था होती आणि सन २००० उजाडताच ती कोलमडणार होती, कारण तिला वर्षाचे चार आकडे कळत नव्हते. बाजारातली नवी व्यवस्था त्यांच्या ऐपतीबाहेरची. ग्रंथालयप्रमुख रोझली ब्लेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेलिंग्टनच्या कटिपो कम्युनिकेशन्स या छोट्या कंपनीला गाठलं. क्रिस कॉर्मॅक आणि इतर तरुणांनी काही महिन्यांत नवी व्यवस्था लिहिली. शाखांमध्ये तेव्हा साधी फोन लाइन आणि मोडेम एवढंच होतं. त्यावर चालेल असंच ते बांधलं. जानेवारी २००० मध्ये ते कामाला लागलं आणि त्याच वर्षी त्याची संहिता, म्हणजे सोर्स कोड, जगासाठी खुली झाली. कोणीही घ्यावं, वापरावं, उघडून बघावं, दुरुस्त करावं, पुढे द्यावं. अट एवढीच, की पुढे देताना तोच हक्क पुढच्यालाही द्यायचा.

म्हणजे गोम नाही. एका लहान गावाच्या ग्रंथालयाने स्वतःची अडचण सोडवली आणि पुढच्या गावाला तीच अडचण पुन्हा सोडवावी लागू नये म्हणून ते उत्तर उघडं ठेवलं. पुढे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या नेल्सनव्हिल सार्वजनिक ग्रंथालयाने स्वतःचे पैसे घालून त्यात मार्क ही आंतरराष्ट्रीय नोंदपद्धत बसवून घेतली आणि तीही सगळ्यांना मिळाली. आज दिल्ली पब्लिक लायब्ररीसारखी मोठी संस्था कोहा वापरते. दर वर्षी मे आणि नोव्हेंबरमध्ये नवी आवृत्ती येते. फुकटाचं म्हणून टाकाऊ, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

आता फोन कोणाला करायचा?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी उलट विचारतो: आता कोणाला करता? आपल्या भागात मराठी वाचनालयांनी आणि महाविद्यालयांनी विकतची सॉफ्टवेअर घेतलेली आहेत. काही चांगली आहेत, विकणारे धावून येतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या कंपन्या बंद पडल्या, ज्यांचे एजंट गाव सोडून गेले, ज्यांनी वार्षिक देखभालीची रक्कम दुप्पट केली, त्यांच्या गिऱ्हाइकांनी फोन कोणाला केला? अशी एक कपाटात बंद झालेली व्यवस्था मी तालुक्यातल्या एका वाचनालयात पाहिली आहे. संगणक चालू होतो, परवलीचा शब्द विचारतो, आणि तो शब्द ज्याला माहीत होता तो माणूस आता तिथे नाही. आत काही हजार पुस्तकांची यादी आहे. पुस्तकं गावाने वर्गणी काढून घेतलेली. यादी गावाच्या ग्रंथपालाने रात्री बसून भरलेली. आणि किल्ली तिसऱ्याच कोणाकडे.

माझा मुद्दा इथे आहे, आणि तो मी आडपडदा न ठेवता मांडतो. पुस्तकं गावाची असतील तर यादीही गावाचीच असली पाहिजे. ज्या व्यवस्थेतून आपली यादी आपल्याला वाटेल तेव्हा, वाटेल तिथे, पूर्णच्या पूर्ण बाहेर काढता येत नाही, ती व्यवस्था सार्वजनिक ग्रंथालयाने घेऊ नये. मग ती विकतची असो की फुकट. एनआयसी या सरकारी संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि अनेक ग्रंथालयांना त्याचा उपयोग झाला आहे. त्याची संहिता मात्र उघडी नाही. त्यामुळे उद्या धोरण बदललं तर काय, हा प्रश्न तिथे उरतो. कोहाच्या बाबतीत तो उरत नाही, आणि याचा पुरावाही आहे. २०१०च्या सुमारास कोहावर काम करणारी एक मोठी अमेरिकन कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. २०११ मध्ये तर कोहा या नावाच्या न्यूझीलंडमधल्या ट्रेडमार्कवरूनच वाद उभा राहिला. लेव्हिनच्या न्यासाने जगाकडे मदत मागितली आणि देशोदेशींचे ग्रंथपाल पाठीशी उभे राहिले. त्या सगळ्या धुमाळीत कोहा कोणा एकाच्या कुलपात गेलं नाही. संहिता सगळ्यांकडे होती, काम चालूच राहिलं.

त्यामुळे ज्येष्ठ सदस्यांना सांगतो: फोन करायला माणूस लागतोच, हे तुमचं बरोबर आहे. पण तो माणूस बदलता आला पाहिजे. कोहात तो बदलता येतो. नागपूरचा नाही आला तर चंद्रपूरचा येईल, तोही नाही आला तर आपल्याच महाविद्यालयातून संगणक शिकून बाहेर पडलेला पोरगा शिकून घेईल. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात कोहाचे धडे आहेत, तेही फुकट. शिवाय कोहाला चोवीस तास इंटरनेट लागतं हा समज खोटा आहे. वाचनालयातल्या एका संगणकावर बसवलं की देवघेव चालते. वीज जाते, खरं आहे. उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांवर गेला की ब्रह्मपुरीत पंखासुद्धा रुसतो. त्यासाठी इन्व्हर्टर घ्या. ती अडचण महावितरणची आहे, सॉफ्टवेअरची नाही.

आता तिसरं वाक्य, ग्रंथपालाचं.

महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्याखाली अकरा-बारा हजार वाचनालयं अनुदानावर चालतात. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. सर्वात खालच्या ड वर्गाला वर्षाला ३० हजार रुपये मिळत. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, म्हणजे ४८ हजार झाले. पुस्तकं, वर्तमानपत्रं, भाडं, वीज, सतरंजी सगळं बाजूला ठेवून ही पूर्ण रक्कम ग्रंथपालाच्या हातात दिली, तरी महिन्याला ४ हजार होतात. धान रोवणीला जाणारी बाई हंगामात यापेक्षा बरी मजुरी मिळवते. आणि या माणसाकडून आपण अपेक्षा करतो की त्याने दाखल नोंदवही लिहावी, देवघेव करावी, अभ्यासिकेतल्या पोरांना जागा द्यावी, तपासणीचं दफ्तर तयार ठेवावं, आणि आता हजारो नोंदी संगणकात भराव्यात.

तो "मी एकटाच हावो" म्हणतो तेव्हा नव्या गोष्टीला विरोध करत नसतो. तो फक्त हिशेब सांगत असतो. सभेत त्याच्याकडे बघून "आजकालच्या मानसाले कामच नको" म्हणणाऱ्यांनी त्याच्या पगाराची पावती एकदा वाचावी.

त्याचं दुसरं दुखणंही खरं आहे. ग्रंथालय खात्याची तपासणी होते ती दाखल नोंदवहीची. २०१२ मध्ये राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली आणि त्यानंतर नवी मान्यता आणि वर्गबदल वर्षानुवर्षं अडकून पडले. त्या धसक्याने वाचनालयांनी कागद जपायचा एवढंच शिकून घेतलं. नोंदवही साहेबांसाठी लिहिली जाते, वाचकासाठी नाही. संगणकात यादी भरली तरी हाताची नोंदवही सुटत नाही, म्हणजे ग्रंथपालाला तेच काम दोनदा. खात्याने एक आदेश काढावा की संगणकातून छापलेली, सही-शिक्क्याची दाखल नोंद तपासणीला चालेल. एवढ्याने निम्मं ओझं उतरेल. याला पैसा लागत नाही.

महाविद्यालयांची गोष्ट थोडी वेगळी. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात ग्रंथालय संगणकीकृत आहे का, हे विचारलं जातं. म्हणून नॅकची समिती यायच्या आधी सॉफ्टवेअर येतं, पुस्तकांवर बारकोड चिकटतात, छायाचित्रं निघतात. समिती परत गेल्यावर विद्यार्थी पुन्हा काउंटरवर उभा राहून विचारतो, "सर, ते शिवराळकरांचं का काय, ते पुस्तक आहे का?" आणि सर आठवणीतून सांगतात. ज्या यादीत विद्यार्थ्याने स्वतः कधी शोधलं नाही, ती यादी मूल्यांकनाला दाखवायचा आपल्याला हक्क नाही. हे मी इथल्या प्राचार्यांना उद्देशून लिहितो आहे. ब्रह्मपुरीला आपण शिक्षणाचं गाव म्हणतो, पंचक्रोशीतली पोरं इथे खोल्या करून राहतात, पोलीस भरतीची आणि एमपीएससीची तयारी करतात. त्यांना एकाच शोधात गावातल्या सगळ्या ग्रंथालयांतलं पुस्तक दिसलं पाहिजे.

आता जरा यंत्राच्या आत डोकावू, कारण मराठीचं घोडं नेमकं इथे अडतं.

आपल्याकडे जे काही संगणकीकरण आधी झालं, ते बहुतेक श्रीलिपी, कृतिदेव किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये झालं. अशी एक फाइल नव्या संगणकावर उघडून बघा. जिथे ग्रंथाचं नाव असायला हवं तिथे रोमन अक्षरं, कंस, स्वल्पविराम आणि अर्धविराम यांची रांग दिसते. त्या फॉन्टने मराठी अक्षरांची चित्रं रोमन अक्षरांच्या जागी बसवली होती. फॉन्ट गेला, चित्र गेलं, खाली रोमन कचरा उरला. त्याचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं आहेत. पण रूपांतर झालं की रफार सरकतो, पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, जोडाक्षर तुटतं. म्हणजे माणसाने पुन्हा एकेक ओळ तपासायची. हे काम सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या किमतीच्या पत्रकात कधीच नसतं, आणि फुकटच्या सॉफ्टवेअरसोबतही येत नाही.

दुसरं. कोहा बसवताना ते मुळात रोमन लिपी गृहीत धरून शोधसूची बनवतं. देवनागरी नीट शोधायची तर आयसीयू ही व्यवस्था आधी लावून घ्यावी लागते. बसवणाऱ्याने ती लावली नाही तर 'ययाति' टाकून शोधल्यावर काही सापडत नाही, आणि गावात बोभाटा होतो, "पाहा, फुकटचं हाय ना, मराठी समजत नाही त्याले." दोष यंत्राचा नसतो. ज्याने बसवलं त्याने एक पायरी गाळलेली असते. बसवून घेणाऱ्या मंडळींनो, पैसे देण्याआधी मराठीत वीस शोध करून बघा. अनुस्वाराचं पुस्तक, जोडाक्षराचं पुस्तक, ळ असलेलं पुस्तक. सापडलं तर सही करा.

तिसरं आहे लेखकांच्या नावाचं. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर हे एकच, हे यंत्राला कोणीतरी सांगावं लागतं. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे. कोहात अशी जोड नोंदवायची सोय आहे. एकदा नोंदवली की टोपणनाव टाका, खरं नाव टाका, दोन्हीकडून पुस्तक सापडतं. पण नोंदवायला मराठी वाङ्मय माहीत असलेला माणूस हवा. महाविद्यालयात मराठी विभाग असतात, दर वर्षी एम.ए.ची पोरं प्रकल्प शोधत फिरतात. त्यांना हे काम द्या. दहा टोपणनावं जोडून दिली तर ते काम पुढच्या पन्नास वर्षांच्या वाचकाला पुरेल.

आणि कोणी म्हणेल की जगभरच्या ग्रंथालयांतून तयार नोंदी उतरवून घेता येतात, मग हा खटाटोप कशाला? येतात, खरंच येतात. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीत कार्यालय आहे आणि ते दशकानुदशकं मराठी पुस्तकं विकत घेतं. पण त्यांच्या मराठी पुस्तकांच्या नोंदी प्रामुख्याने रोमन लिपीत असतात, अक्षरांच्या डोक्यावर-पायाशी रेघा आणि ठिपके लावलेल्या. आरमोरीच्या विद्यार्थ्याने मोबाइलवर देवनागरीत टाइप केलं तर ती नोंद त्याच्या हाताला लागत नाही. मराठीची मराठी नोंद मराठी माणसालाच करावी लागणार आहे.

आपल्या भागाबाबत तर हे दुप्पट खरं आहे. झाडीपट्टीची रंगभूमी दिवाळीनंतर उभी राहते, वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं गजबजतात, मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने रात्र-रात्र नाटकं होतात. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला आपली आठवण झाली. या रंगभूमीच्या संहिता कुठे आहेत? काही छापलेल्या, काही वहीत, काही झेरॉक्स, काही दिग्दर्शकाच्या ट्रंकेत. दंडार, खडीगंमत या लोकनाट्यांची गाणी कुठे आहेत? डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीसाठी आयुष्य घातलं, झाडीबोली साहित्य मंडळ उभं राहिलं, संमेलनं झाली, कवितासंग्रह निघाले. त्यातल्या कितीतरी पुस्तिका तालुक्याच्या गावी छापल्या गेल्या आणि तिथेच वाटल्या गेल्या. वॉशिंग्टनला त्या नाहीत, मुंबईला नाहीत. त्या सापडल्याच तर ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेड्याच्या वाचनालयातल्या कपाटात सापडतील. त्यांची नोंद इथे झाली नाही तर ती जगात कुठेच होणार नाही.

मराठीत हे काम एकट्या माणसाने केल्याचा दाखला आहे. पुण्याच्या शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली आणि पुढे १९३८ ते १९५०चा भागही तयार केला. ना संगणक, ना अनुदानाची हमी. आजही मराठीचा संशोधक दात्यांच्या सूचीशिवाय पाऊल टाकू शकत नाही. पण दात्यांचं उदाहरण देऊन आजच्या ग्रंथपालाला चार हजारांत तेच करायला सांगणं हा निर्लज्जपणा आहे. एकाने त्याग केला म्हणून सगळ्यांकडून तो वसूल करायचा नसतो.

मग काय करायचं? सॉफ्टवेअरचे वाचलेले पैसे माणसाला द्यायचे. विकतच्या परवान्यासाठी आणि वार्षिक देखभालीसाठी जी रक्कम ठेवली असेल, ती जशीच्या तशी नोंदी भरणाऱ्याला द्या. नोंदीमागे दर ठरवा, कॉलेजच्या गरजू पोरींना सुट्टीत काम द्या, आणि भरलेलं तपासायचा मोबदला ग्रंथपालाला द्या. ज्या संस्थेला वाटतं की कोहा घेतलं म्हणजे खर्च शून्य झाला, तिने ते घेऊच नये. सहा महिन्यांत अर्धवट यादी आणि मोठी बदनामी पदरात पडेल.

आणि प्रत्येक वाचनालयाने वेगळा संगणक, वेगळा बसवणारा, वेगळी डोकेदुखी घेण्याची गरज नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने २००६ मध्ये एव्हरग्रीन नावाची खुली व्यवस्था उभी केली आणि अडीचशेहून अधिक ग्रंथालयांची एकच यादी तिच्यावर चालवली. एका गावातलं पुस्तक दुसऱ्या गावच्या वाचकाला दिसतं, मिळतंही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी असा एक सर्व्हर का असू नये? २०११ पासून गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ आहे आणि याच दोन जिल्ह्यांची महाविद्यालयं त्याच्या कक्षेत येतात. विद्यापीठाने सर्व्हर आणि दोन शिकलेली माणसं द्यावीत, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनी सार्वजनिक वाचनालयं जोडून घ्यावीत, राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून येणाऱ्या पुस्तकांच्या नोंदी एकदाच भरून सगळ्यांना वाटाव्यात. तेच पुस्तक शंभर वाचनालयांत येतं आणि शंभर ग्रंथपाल त्याची शंभरदा नोंद करतात, हा वेळेचा नुसता चुराडा आहे. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यात वाचकाचा वेळ वाचवा हा एक होता. ग्रंथपालाचा वेळही वाचवा, हा सहावा आपण जोडू.

वाचक हो, तुम्ही वर्गणीदार असाल तर तुमच्या वाचनालयाची वार्षिक सभा होते आणि तिथे तुम्हाला मत आहे. या वर्षी जा. चहा-बिस्किटं झाली की उभे राहून तीनच गोष्टी विचारा. आपली पुस्तकांची यादी आपल्याला पूर्ण बाहेर काढता येते का? ती मराठीत शोधता येते का? आणि ती भरणाऱ्याला आपण किती पैसे देतो? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. आणि तुमच्या घरी माळ्यावर झाडीपट्टीच्या नाटकाची जुनी संहिता, दंडारीच्या गाण्यांची वही, गावात छापलेला कवितासंग्रह पडला असेल, तर तो घेऊन वाचनालयात जा आणि दाखल क्रमांक पडेपर्यंत तिथून उठू नका.